गुरुवारी लाईट जाते आणि समुद्र खाली उतरतो

फेब्रुवारी ते मे, चार महिने, घरी जो कोणी यायचा तो चपला काढायच्या आधी हॉलमधल्या टँककडे बघायचा आणि मग माझ्याकडे बघून विचारायचा, अरे मासे कुठेत? मासे नव्हतेच. पाच फूट लांब, दोन रुंद, दोन उंच असा काचेचा डबा, आत दगड आणि पाणी, बस्स. माझे मामा म्हणाले एवढ्या पैशात दोन एसी आले असते, आणि एप्रिलमध्ये मलाही ते पटायला लागलं होतं, पण ते पुढे सांगतो.

मी प्रत्येकाला सांगायचो की हे माशांसाठी नाहीचे, कोरलसाठी आहे, कोरल म्हणजे प्रवाळ, म्हणजे पोवळं. आणि इथेच घोळ व्हायचा, कारण पोवळं म्हणलं की आपल्याकडे डायरेक्ट मंगळाची अंगठी. सोसायटीच्या चेअरमन काकांनी तर अगदी आवाज खाली आणून विचारलं, एवढं मोठं करायला कोणी सांगितलं तुला? म्हणजे कुठल्या ज्योतिषाने. मग त्यांना सांगितलं की काका, अंगठीतलं लाल पोवळं वेगळं, ते भूमध्य समुद्रातलं, अंधाऱ्या कपारीत वाढणारं, आणि मला पाहिजे ते उजेडावर जगणारं, त्याच्या अंगात बारीक शेवाळ राहतं आणि ते शेवाळ उजेडात अन्न बनवून याला देतं, घरमालक आणि भाडेकरू असल्यासारखं. काका म्हणाले, म्हणजे मंगळाचं नाहीच? नाही काका. मग त्यांचा इंटरेस्ट गेला.

हे डोक्यात शिरलं ते मागच्या दिवाळीत तारकर्लीला. आईचं माहेर शिरोड्याचं, त्यामुळे तिकडे दर एक-दोन वर्षांनी चक्कर असतेच, पण पाण्यात तोंड घालून बघायचं कधी सुचलं नव्हतं. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्कलिंगला गेलो. खरं सांगायचं तर पाणी गढूळ होतं, फोटोत असतात तसले रंग वगैरे काहीही नाही, पण एका खडकावर बशीएवढा हिरवट-राखाडी गोळा होता आणि गाईड म्हणाला हा दगड नाही, हा प्राणी आहे, जिवंत. पुण्याला येईपर्यंत गाडीत मी तेवढंच बोलत होतो असं बायको सांगते.

आता एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो, कारण मला कमीत कमी पाच जणांनी सुचवलंय की मालवणहून एक तुकडा उचलून आण ना. नाही आणायचा. चुन्याचा सांगाडा असलेली जी कठीण प्रवाळं आहेत ती २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. मेलेला तुकडा शोकेसमध्ये ठेवला तरी गुन्हाच. आणि ते वास्तूसाठी फ्रेम करून विकतात ना, काळं इंद्रजाल, ते कुठलं झाड-बिड नाहीये, समुद्रपंखा नाहीतर काळं प्रवाळ असतं, तेही त्याच यादीत. माझ्या ओळखीच्या दोन घरांत ते देवघराच्या वर लावलेलं आहे आणि मी अजून त्यांना सांगितलेलं नाही, हिंमत होत नाही. तर माझा टँक फक्त सॉफ्ट कोरलचा, म्हणजे तो कठीण सांगाडा नसलेल्यांचा, तोही ज्याच्या टँकमध्ये वाढलंय त्याच्याकडून फ्रॅग, म्हणजे आपण जास्वंदीची फांदी मागून आणतो तसं. दगडसुद्धा समुद्रातला नाही, बनवलेला.

वजनाचं गणित मी रात्री दीडला केलं आणि मग झोप लागली नाही. पाच गुणिले दोन गुणिले दोन, वीस घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणजे ५६६ लिटर, आणि खारं पाणी जड म्हणून ५८० किलो. १२ मिलिमीटरच्या काचेचे शंभरेक किलो, दगड पन्नास, लोखंडी स्टँड, खाली सम्प म्हणजे दुसरा छोटा टँक आणि त्यातलं पाणी, सगळं मिळून टनाच्या आसपास. हे दहा चौरस फुटांवर. आणि घराचा स्लॅब डिझाईन करताना वावरण्याचं वजन म्हणून चौरस मीटरला २०० किलो धरतात! माझा एक मित्र स्ट्रक्चरचं काम करतो, तो आधी पोटभर हसला, मग घरी आला, बीम कुठून जातो ते ठोकून बघितलं, ड्रॉइंग मागवलं आणि म्हणाला की ते २०० किलो म्हणजे अख्ख्या खोलीभर एकाच वेळी धरलेले असतात, तुझा टँक एका कडेला आहे, बीमवर भिंतीला लावून ठेवलास तर चालेल, पण हॉलच्या मधोमध पार्टिशन म्हणून ठेवायचं जे काय तुझ्या डोक्यात आहे ते विसर. विसरलो. तुम्ही करणार असाल तर माझ्या सांगण्यावर जाऊ नका, तुमच्या बिल्डिंगचं तुम्ही दाखवून घ्या.

लिफ्टमध्ये टँक मावला नाही. सहा जण, जिन्याने, तीन मजले. वळणावर दोनदा अडकला. त्यातला एक जण सगळ्यांना ओरडून सांगत होता, हळू रे, गणपती आणतोय समज, हळू. वर पोचल्यावर मी त्यांना चहा दिला आणि माझेच हात थरथरत होते.

मग पाणी. आता विनोद बघा, खडकवासला आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, आणि आमच्या सोसायटीत पाणी टँकरचं. बोअरचं. टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचा, तो घातला तर साडेसातशे. प्रवाळाच्या टँकला पाणी लागतं शून्य टीडीएसचं, म्हणजे आरओ आणि त्याच्या पुढे डीआय रेझीन, उरलेसुरले क्षार शोषून घेणारे दाणे, कारण त्या साडेसातशेमध्ये काय काय आहे, नायट्रेट, फॉस्फेट, सिलिका, तांबं, देव जाणे, आणि तांबं तर या बिनपाठकण्याच्या प्राण्यांना विषच. फिल्टर लावला तर एक लिटर चांगल्या पाण्यामागे तीन लिटर बाहेर, मेंब्रेन दोन महिन्यांत बसली, रेझीन त्याच्याही आधी. बाहेर पडणारं पाणी मी बादल्यांमध्ये धरून फ्लशला आणि फरशीला वापरतो, नाहीतर टँकरच्या पाण्याची अशी नासाडी केली म्हणून सोसायटीने मलाच बाहेर काढलं असतं. शेवटी एका रविवारी सासुरवाडीला, कोथरूडला, सहज म्हणून नळाखाली मीटर धरला. ७०! म्हणजे फिल्टरला दहापट कमी काम. मी तिथेच उडी मारली. तेव्हापासून दर रविवारी मी वीस-वीस लिटरचे चार जार घेऊन कोथरूडला जातो, जेवतो, पाणी भरतो आणि येतो. सासूबाई शेजारणीला सांगताना मी ऐकलंय, जावई दर आठवड्याला येतात हो, पाणी भरायला.

मीठ म्हणाल तर लिटरला ३५ ग्रॅमच्या हिशोबाने, म्हणजे सुरुवातीलाच वीस-बावीस किलो. बाबांनी विचारलं, किराणा दुकानातलं का नाही चालत? नाही चालत बाबा, ते नुसतं सोडियम क्लोराईड, समुद्रात त्याशिवाय मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट असं बरंच असतं आणि कोरलला ते सगळं प्रमाणात लागतं. मग मुंबईहून समुद्राचंच पाणी टेम्पोने आण. बाबा, तुम्ही दादरच्या चौपाटीवर पाय तरी घालता का हल्ली पाण्यात? गप्प बसले.

तर पाणी भरलं, मीठ विरघळलं, खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५ आलं, म्हणजे समुद्राइतकं, पंप सुरू केला, मस्त आवाज, आम्ही सगळे खुर्च्या लावून बघत बसलो होतो नुसतं खारं पाणी फिरताना. तो बुधवार होता.

गुरुवारी पुण्यात मेंटेनन्ससाठी लाईट जाते हे शाळेतल्या पोराला पण माहितीये. मला पण माहिती होतं. मी ऑफिसला होतो.

झालं काय ते नीट सांगतो, कारण ही चूक भल्याभल्यांची होते. टँकच्या खाली कपाटात दुसरा छोटा टँक असतो, सम्प, त्यात स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारा), हीटर, पंप वगैरे. पंप पाणी वर ढकलतो, वरचं जास्तीचं पाणी ओव्हरफ्लोमधून आपोआप खाली येतं, असं चक्र. लाईट गेली की पंप थांबतो, पण वर ढकलणाऱ्या पाईपचं तोंड जर पाण्यात बुडलेलं असेल तर तोच पाईप उलटा चालतो, सायफन, जसं आपण गाडीतून पेट्रोल काढायला नळी तोंडाने ओढतो आणि मग ते येतच राहतं तसं. कधीपर्यंत? तोंडाशी हवा लागेपर्यंत. माझ्या पाईपचं तोंड पृष्ठभागाच्या पाच इंच खाली होतं, कारण तसं दिसायला छान दिसत होतं. पाच इंच गुणिले दहा चौरस फूट म्हणजे जवळजवळ ११८ लिटर. सम्पात जागा होती चाळीसची.

बाकीचं हॉलमधून बाल्कनीत आणि बाल्कनीतून खाली, दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या तुळशीत.

आई घरी होती, तिने जुन्या साड्या, टॉवेल, चादरी जे हाताला लागेल ते टाकलं आणि मला फोन केला की तुझा समुद्र बाहेर आलाय. मी हिंजवडीहून निघालो, पोचायला दीड तास, त्या दीड तासाबद्दल काही लिहीत नाही. काकूंची तुळस चार दिवसांत काळी पडली. मी नर्सरीतून दोन नवीन रोपं आणि मातीचं पोतं घेऊन त्यांच्याकडे गेलो, त्या काही बोलल्या नाहीत आणि पुण्यात कोणी काही बोलत नाही तेव्हा काय समजायचं ते तुम्हाला माहितीच आहे.

इलाज एकदम साधा. पाईपचं तोंड वर घेतलं, पाण्याच्या जेमतेम इंचभर खाली, आणि पृष्ठभागाला लागून पाईपला एक छोटं भोक पाडलं म्हणजे पातळी जरा उतरली की तिथून हवा शिरते आणि सायफन तुटतो. नॉन रिटर्न व्हॉल्व्ह लाव म्हणून सगळे सांगतात, पण त्यात एक शंखातली गोगलगाय अडकली की संपलं. मग पंप मुद्दाम दहा वेळा बंद केला, सगळं पाणी खाली उतरून थांबेपर्यंत वाट बघितली आणि चालू असताना सम्पात पाणी जास्तीत जास्त कुठपर्यंत ठेवायचं तिथे लाल मार्करने रेष मारली, त्याच्या वर आणखी एक रेष, लाईट गेल्यावर पाणी जिथपर्यंत चढतं तिथे. आणि वेव्हमेकर, म्हणजे टँकच्या आतला लाटांचा पंखा, तो इन्व्हर्टरवर टाकला, कारण लाईट गेली तर दिवे नसले तरी चालतं, पाणी हललं नाही तर ऑक्सिजन संपतो.

मग सायकल. म्हणजे टँकमध्ये बॅक्टेरिया बसवायचे, जे अमोनियाचं नायट्राईट आणि नायट्राईटचं नायट्रेट करतात, ते नसतील तर आत टाकलेलं काहीही जगत नाही. त्यांना सुरुवातीला खायला अमोनिया लागतो आणि त्याची जुनी पद्धत म्हणजे कोळंबी टाकायची आणि सडू द्यायची. मी मार्केट यार्डच्या बाजूने येताना पाव किलो चांगली कोळंबी आणली, चार टँकमध्ये टाकल्या, उरलेल्या आईला दिल्या. आई चिडली की थेट मालवणीवर येते. "खावची सुंगटां पाण्यात कुसवतंस काय रे मेल्या?" आठवडाभर तिने माझ्याकडे आणि टँककडे दोघांकडे बघितलं नाही. पाच आठवडे गेले. रोज रात्री टेस्ट किटची नळी ट्यूबलाईटखाली धरून मी आणि बायको वाद घालायचो की हा पिवळा आहे का हिरवट पिवळा. मग सगळ्या दगडांवर तपकिरी थर आला, डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा, मग तो गेला आणि हिरवं केसाळ शेवाळ आलं, आणि लोक विचारत होते मासे कुठेत.

एप्रिल. पुण्याचा एप्रिल. बाहेर चाळीस, टँकमध्ये ३१, आणि कोरलला पाहिजे २५-२६. चिलर घेतला, तो आतलं पाणी गार करतो आणि हॉल गरम करतो (मामांचे दोन एसी आठवले ते इथे). पण एक गंमत कळली, साधे दोन छोटे पंखे पाण्यावर मारले तरी दोन-अडीच डिग्री उतरतात, माठासारखं, कारण पुण्याची हवा कोरडी. मुंबईवाल्या मित्राला याचा एवढा फायदा होत नाही, तिकडे हवेतच पाणी. पावसाळ्यात आपल्याकडेही पंखे फुकट, पण तेव्हा गरजही नसते. फक्त पंख्यांमुळे पाणी उडतं, आणि किती, तर दिवसाला आठ-नऊ लिटर.

आणि इथे मी माती खाल्ली. कमी झालेलं पाणी मी खारं पाणी बनवून भरत होतो. बारा दिवस. मला वाटलं समुद्राचं पाणी कमी झालं तर समुद्राचंच भरायचं ना. शेवाळ खायला सोडलेल्या गोगलगायी तोंड मिटून तळाला पडल्या, रिफ्रॅक्टोमीटर बघतो तर १.०२९. मी मॅन्युअल, व्हिडिओ, काय काय उघडून बसलो होतो आणि आई भाजी निवडत होती, ती मान वर न करता म्हणाली, "पाणी उडान जाता, मीठ खंय जाता?" शिरोड्याची बाई. १९३० चा मिठाचा सत्याग्रह जिथे झाला त्या गावची, लहानपणी मिठागराच्या बांधावरून शाळेत गेलेली. ऊन लागलं की पाणी जातं आणि मीठ खाली बसतं हे तिला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. वरून भरायचं ते साधंच पाणी, शून्य टीडीएसवालं. आता त्याला ऑटो टॉप ऑफ लावलंय, सेन्सरवर चालतं, पण आई अजून रोज सकाळी पातळी बघते आणि सेन्सरवर तिचा विश्वास नाही.

जूनमध्ये पहिले फ्रॅग आणले. नवी मुंबईच्या एका हौशी माणसाकडून, थर्मोकोलच्या खोक्यात, पाच पिशव्या: दोन मश्रूम, एक लेदर, एक झोआंथिड, एक झेनिया, ही सगळी कोरलच्या प्रकारांची नावं. बोरघाटात पाऊस आणि कंटेनर उलटलेला, अडीच तास गाडी जागची हलली नाही, मी खोकं मांडीवर घेऊन एसी फुल करून बसलो होतो आणि बायको शाल पांघरून. एवढी काळजी मी माझ्या बारावीच्या निकालाची केली नव्हती. घरी आल्यावर पिशव्या तरंगत ठेवून, थोडं थोडं पाणी मिसळत, दिवे अगदी मंद करून, रात्री अकराला सगळे दगडावर बसवले. झोआंथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला हे मात्र गंमत म्हणून सांगत नाही, त्यात पॅलिटॉक्सिन असू शकतं, अतिशय जहाल, आणि तो दगड उकळत्या पाण्यात तर चुकूनही टाकायचा नाही, वाफेतून माणसं हॉस्पिटलमध्ये गेलेली आहेत.

लेदर आठ दिवस मिटून बसलं. मेलं असं मी तीनदा जाहीर केलं. मग अंगावरची मेणासारखी पातळ साल टाकली, सापाने कात टाकावी तशी, आणि दुसऱ्या दिवशी सगळी बोटं बाहेर. नंतर कळलं की ते असं करतच असतं. दोन क्लाऊनफिश पण आणल्या, हॅचरीत जन्मलेल्या, त्यामुळे मासे कुठेत हा प्रश्न मिटला. आता नवीन प्रश्न, यातला नर कुठला. दोघंही जन्मतात नरच, जो दांडगा होतो तो मादी बनतो. बाबांना हे सांगितल्यापासून ते त्या माशांकडे जरा आदराने बघतात.

दिवे निळे आहेत, कारण समुद्रात खाली जाईल तसा लाल रंग आधी गायब होतो आणि निळा शेवटपर्यंत उरतो, प्रवाळातल्या त्या शेवाळाला निळाच मानवतो. रात्री आठला समोरच्या बिल्डिंगमधून आमचा हॉल ऑपरेशन थिएटरसारखा दिसतो असं ऐकून आहे.

सगळ्यात जास्त वाढलं ते झेनिया. गुलाबी-करडे छोटे छोटे हात, आणि ते सतत उघडतात, मिटतात, उघडतात, मिटतात, पाणी स्थिर असलं तरी. गणपतीत खालच्या काकू प्रसाद द्यायला वर आल्या. तुळशीनंतर पहिल्यांदाच. ताट हातात तसंच धरून दहा मिनिटं त्यासमोर उभ्या होत्या. मग म्हणाल्या, हे दमत नाही का रे? मग पाईप, सम्प, सायफन, त्यांची तुळस कशी गेली, सगळं कपाट उघडून दाखवलं, लाल रेषेसकट.

मागच्या गुरुवारी अकराच्या सुमाराला मीटिंगमध्ये होतो, फोन वाजला, काकू. बाहेर येऊन उचलला तर म्हणतात, "अरे लाईट गेलीय. तुझी आई भाजीला निघाली होती, तिच्याकडून किल्ली घेऊन मी बघून आले. पाणी वरच्या रेषेच्या बोटभर खालीच आहे. तू बस तुझी मीटिंग करत."